आधी हरळी, मग फुलं: बाईंना जाहीर आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या दर्शनी लॉनच्या जागी आज देशी झुडपं उभी आहेत, ती तुमच्यामुळे. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुम्ही करून दिलेला आराखडा पुण्यातल्या इतर सोसायट्यांनाही जसाच्या तसा वापरता येईल. रोपांची यादी कुणीही देतं. तुम्ही आधी गवताचा बंदोबस्त करायला लावलात, आणि बहुतेक बागा फसतात त्या तिथेच.

लॉन कितीही मखमली दिसलं तरी त्यात हरळी आणि लव्हाळा शिरलेले असतातच. रोटाव्हेटर फिरवला की हरळीच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्यातून नवी हरळी फुटते. म्हणून टिकावाने 15 ते 20 सेंटिमीटर खणून कांड्या हाताने वेचायच्या. मग एप्रिलमध्ये जमीन भरपूर भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरायचं. काळं नाही, पारदर्शक कागदातून ऊन थेट मातीवर पडतं आणि माती जास्त तापते. कडा मातीत गाडायच्या, वारा आत शिरला की मेहनत वाया. सहा आठवडे ते तसंच राहू द्यायचं. एवढं करूनही लव्हाळ्याच्या गाठी खाली जिवंत राहतात. पावसात कोंब दिसला की खुरप्याने गाठीसकट काढायचा; वरून खुडला तर पुन्हा येतो.

खताला तुम्ही चक्क बंदी घातलीत. विष्णुक्रांता, कोरांटी, खुळखुळा ही माळावरची मंडळी. लॉनसाठी घातलेल्या लाल माती-शेणखतात ती नुसती उंच वाढतात, फुलं कमी देतात आणि पहिल्या जोरदार सरीला आडवी होतात. त्यावर तुमचा उपाय म्हणजे वरच्या थरात एक तृतीयांश मुरूम.

लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन चांगले पाऊस झाल्यावर. कुंपणालगत निर्गुडी आणि धायटी, दोन रोपांत दीड ते दोन मीटर. त्यांच्यापुढे कोरांटी आणि खुळखुळा 60 सेंटिमीटरवर, तुळस 45 वर. वाटेच्या कडेला विष्णुक्रांता. जिथे ओल टिकते आणि अधूनमधून पाय पडतो तिथे जलपिंपळीच्या काड्या 30 सेंटिमीटरवर. लॉनची उणीव भासू नये इतपत ती पसरते. धायटीचा हट्ट तुम्ही का धरलात हे फेब्रुवारीत कळतं: खुळखुळा आणि कोरांटी आटोपलेली असतात, तेव्हा सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना तिच्या लाल फुलांचाच आधार असतो.

फुलं मोठ्या फुलपाखरांसाठी, पण अळीला पान लागतं, आणि तेही ठरावीक झाडाचं. रुईवर प्लेन टायगर, कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, सापसंदावर कॉमन रोझ, बहाव्यावर एमिग्रंट. कढीपत्ता कुरतडलेला दिसला की औषध मारणाऱ्यांना आधी हे सांगावं लागतं. रुई मात्र मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवी, चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. खुळखुळ्याच्या सुकलेल्या फांद्या लगेच छाटायच्या नाहीत; टायगर फुलपाखरांचे नर त्यांतली द्रव्यं शोषायला येतात.

नर्सरीबद्दल तुम्ही दिलेले इशारे मोलाचे ठरले. ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून घाणेरी गळ्यात मारली जाते. ती अमेरिकेतून आलेली, आपली रानं गिळणारी. विष्णुक्रांता मागितली की ‘ब्लू डेज’ हातात देतात, तीही दक्षिण अमेरिकेची. खरी विष्णुक्रांता जमिनीलगत पसरते, पानांवर रेशमी लव असते आणि फूल करंगळीच्या नखाएवढं असतं. शिवाय रोपांवर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलंय का, हे विचारूनच घ्यायचं. ते झाडाच्या अंगात भिनतं आणि परागातून, मधुरसातून माशीच्या पोटात जातं.

पाचोळ्याचा थर 5 सेंटिमीटर, पण सगळीकडे नाही. उन्हातला एक पट्टा उघडाच ठेवायचा, कारण निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या मातीत बीळ करतात. त्यांना राखायला पोळं नसतं, त्यामुळे त्या अंगावर येत नाहीत. भुंग्यासाठी एखादा वाळका ओंडका पुरतो.

पाण्याचा हिशोब तर तुम्ही बैठकीतच फळ्यावर मांडलात. लॉनला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर 100 चौरस मीटरला 500 लिटर होतात. टँकर मागवणाऱ्या सभासदांचा विरोध तिथेच मावळला. नव्या लागवडीला पहिल्या वर्षी पाऊस थांबल्यावर आठवड्यातून दोनदा पाणी, पुढच्या वर्षी दहा-पंधरा दिवसांतून एकदा. ‘जंगल झालंय’ ही तक्रार विटांची सरळ कड आणि मीटरभर रुंद मोकळी वाट ठेवल्यावर बरीच कमी होते. निम्मा राग झाडांवर नसून विस्कळीतपणावर असतो.

खुळखुळ्याच्या शेंगा वाळल्या आहेत, बी तुमच्यासाठी काढून ठेवलंय. कवच टणक असल्याने पेरण्याआधी रात्रभर गरम पाण्यात भिजवायचं, हेही तुम्हीच सांगितलेलं. धायटीची दोन रोपंही पिशवीत तयार आहेत. कधी येताय ते कळवा.

आपले,
बाग समितीचे सभासद, पुणे