'महागाई घटली' म्हणजे नक्की काय घटलं?

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात 'महागाई घटली' असा मथळा आला की दर वेळी तेच सुरू होतं, कुणी विचारतं मग दुकानात का नाही दिसत, दुसरा लगेच म्हणतो आकडे सगळे खोटे. माझ्या मते घोळ बऱ्याचदा आकड्यात नसतो, मथळ्यात असतो. शंभरची वस्तू ८ टक्के वाढून १०८ ला गेली आणि पुढच्या वर्षी महागाईचा दर ४ टक्क्यांवर आला, तरी ती वस्तू ११२ च्या वर गेलेलीच असणार ना! वाढायचा वेग कमी झाला, भाव कुठे उतरला? मग वाचणारा चिडणारच.

आता लोकांचा हिशोबही सरळ नसतो हे मान्य. रोज लागणाऱ्या वस्तूंचे भाव आपल्याला तोंडपाठ असतात, टीव्ही-फ्रिज आपण काही वर्षांतून एकदा घेतो, त्यामुळे ते स्वस्त झाले तरी कुणाच्या गावी नसतं. २००२ मध्ये युरोपातल्या १२ देशांत युरोच्या नोटा-नाणी आली तेव्हा सगळं महागलं अशी केवढी ओरड झाली होती, प्रत्यक्षात चलन बदलल्यामुळे झालेली एकूण वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत निघाली. पण कॉफी, केस कापणं असल्या किरकोळ गोष्टी खरंच महागल्या होत्या, आणि तिथे खिशात हात सारखा जातो. म्हणजे लोक अगदीच खोटं बोलत नव्हते.

पगाराचंही तसंच. महागाई ७ टक्के असताना ५ टक्के इन्क्रिमेंट मिळालं तर आपण पार्टी देतो, आणि महागाई शून्य असताना कंपनीने २ टक्के पगार कापला तर मोर्चा निघेल, खरं तर दोन्हीकडे फटका जवळपास तेवढाच. अर्थतज्ज्ञ आयर्विंग फिशर यांनी तर १९२८ सालीच या भ्रमावर लिहून ठेवलंय.

तर विनंती एवढीच की मथळ्यात 'महागाईचा वेग मंदावला' असं छापा, आणि बातमीखाली नेहमीच्या पाच-सहा वस्तूंचे गेल्या वर्षीचे आणि आत्ताचे भाव शेजारी शेजारी द्या. जागा नाही म्हणू नका, पहिल्या पानावर सेलच्या जाहिरातीला ती बरोबर मिळते.

– एक नेहमीचा वाचक