सेझिनकोटच्या पुलाखाली घारापुरीचे खांब

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतील जुन्या हवेल्यांवरचा लेख आवडला. पण ग्लॉस्टरशायरमधल्या सेझिनकोटची त्यात ‘ताजमहालाची नक्कल’ म्हणून जी बोळवण केली आहे, ती पटण्यासारखी नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गबर झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा भाऊ सॅम्युअल याने १८०५ च्या सुमारास या घराचा आराखडा केला. मधोमध तांब्याचा हिरवट घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी आणि भिंतीपासून चांगले पुढे आलेले छज्जे. आग्रा-दिल्लीच्या उन्हात छज्ज्याची सावली जीव वाचवते. सेझिनकोट ज्या टेकड्यांच्या मुलुखात आहे, त्या कॉट्सवोल्ड्सच्या कोवळ्या उन्हात तो निव्वळ शोभेला. आत गेलात की मोगल वास्तुकला संपलीच. दालने, जिना, सजावट सगळे त्या काळच्या इंग्रजी अभिजात वळणाचे. माझ्या मते या घराचे खरे वैशिष्ट्य हेच आहे, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही.

सॅम्युअलने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याच्या मदतीला होता चित्रकार थॉमस डॅनिएल. हा १७९३ मध्ये पुतण्या विल्यमसह मुंबईला आला होता आणि त्याने घारापुरीची लेणी पाहिली होती. सेझिनकोटच्या बागेत ओढ्यावर एक पूल आहे. कठड्यावर नंदी बसलेले, आणि खालचे खांब घारापुरीच्या खांबांवरून बेतलेले. घारापुरीचा खांब ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना तो लगेच आठवेल: खाली चौकोनी बैठक, वर उभ्या खाचांचा गोल भाग आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखे शीर्ष. यात ताजमहाल कुठे आला?

वेरूळचेही तसेच. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने काढलेली तिथली चित्रे १८०३ मध्ये डॅनिएलनेच छापून प्रसिद्ध केली. त्याआधी, १७९० च्या दशकात, पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट (कंपनीचा प्रतिनिधी) मॅलेटसाठी तीच लेणी रेखाटली होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या दगडी लेण्यांची ओळख इंग्लंडला कागदावरून होत होती, आणि त्यात एका पुणेकर कलावंताचाही हात होता. त्यांचे नाव मराठी वृत्तपत्राने घ्यायचे नाही, तर कोणी घ्यायचे?

घारापुरी आमच्या उरण तालुक्यात येते, म्हणून हे अधिक लागले. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर सेझिनकोटच्या पुलाचे आणि घारापुरीच्या खांबाचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापावे, ही विनंती.

– एक वाचक, उरण