४३ नंबरची निळी गाडी

संपादक महोदय,

नॅसकारचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार रेसिंगचा, विषय निघाला की जुने फॅन हमखास १९७९च्या डेटोना ५०० या रेसवर येतात, आणि येणारच ना, ५०० मैलांची ती रेस पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर लाईव्ह दाखवली होती आणि तिकडे अमेरिकेच्या पूर्वेकडे बर्फाचं वादळ, लोक घरातच अडकलेले, मग काय सगळे टीव्हीसमोर! शेवटच्या लॅपला (फेरीला) पुढे असलेले ड्रायव्हर केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांवर आदळून भिंतीला धडकले, दोघंही बाद, आणि मागून रिचर्ड पेटी आपली ४३ नंबरची गाडी घेऊन जिंकून गेला. इकडे मैदानातल्या गवतात मारामारी, डॉनीचा भाऊ बॉबीपण त्यात! पेटीचे एकूण २०० विजय सगळ्यांना पाठ, पण गप्पा मात्र या हाणामारीच्याच होतात (मलाही तीच आवडते, खोटं कशाला बोलू).

त्याहून जुने लोक १९५८पर्यंतच्या डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रेसबद्दल सांगतात, अर्धा ट्रॅक वाळूचा, अर्धा डांबरी रस्ता, भरती-ओहोटी बघून वेळ ठरवायची. नॉर्थ विल्क्सबरोचा जुना ट्रॅक १९९६ला बंद पडला तेव्हा वाटलं संपलं, पण २०२३ला नॅसकारची ऑल-स्टार रेस तिथेच झाली. या आठवणींवर रविवारच्या पुरवणीत एक पान द्या की राव.

– एक वाचक