कमोडची गळती थांबली, आभार!

कमोडमागच्या मैल्याच्या पाइपाची गळती अखेर बंद झाली. इथे विचारल्यावर वाट दाखवणाऱ्या सगळ्यांचे, नावं ठाऊक नसली तरी, मनापासून आभार.

‘आधी गळतंय कुठून ते बघा’ म्हणणाऱ्याला तर दंडवतच. टाकीत खायचा निळा रंग टाकला, सांध्याखाली कोरडा टिश्यू धरला आणि फ्लश केला. डाग तेव्हाच उमटला, एरवी टिश्यू कोरडा. म्हणजे पाणी येणाऱ्या नळाचा दोष नाही, भिंत फोडायचीही गरज नाही. कमोड आणि ११० मिमीच्या पाइपामधली रबर रिंग कडक होऊन चिरली होती. कुणा महाभागाने वर पांढरं सिमेंट थापलेलं! कमोड जरा डुगडुगला की ते तडकणारच.

‘ओल्यावर लांबी (पुटी) फासून काही टिकत नाही’ असं ठणकावणाऱ्या ताई, तुमच्यामुळे फुकटचा खर्च वाचला. कमोड आणि पाइप जोडणारा नवा कनेक्टर बसवताना रिंगला ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा, तेलकट ग्रीसने रबर फुगतं, ही सूचना ज्यांची, त्यांचेही आभार. आणि जमिनीतले स्क्रू आवळायची आठवण करणारे काका, कमोड आता हलत नाही. वास तर गेलाच, खालच्यांच्या तक्रारीही थांबल्या.