नवोदयला बसवतोयस, तर एवढं बघ

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

चिन्मयीला जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. म्हणून अर्जापासूनच जपून राहा.

अर्जाला पैसे पडत नाहीत. मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, तिचा फोटो, तिची आणि तुझी सही स्कॅन करून ठेव. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, पण त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी पूर्ण ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवी. मधे एक दिवस जरी ती शहरातल्या शाळेत शिकली असेल, तरी शहरी धरतात. निवड झाल्यावर कागद तपासताना हे उघड झालं, तर हातची जागा जाते. शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदी आत्ताच बघून ये.

पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न, गणित आणि भाषेचे वीस-वीस. भाषेला गणिताइतकेच २५ गुण आहेत, तरी घरोघरी तिकडेच दुर्लक्ष होतं. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न. रोज एक न वाचलेला उतारा सात मिनिटांत सोडवून घे, आणि प्रत्येक उत्तर कुठल्या ओळीत सापडलं ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायला लाव. मुलं स्वतःच्या माहितीवरून उत्तर देतात, तिथेच फसतात.

कागद दुमडून भोक पाडण्याचे प्रश्न तोंडी समजावू नकोस. चौकोनी कागदाच्या दोन घड्या घाल, पंचने एक भोक पाड आणि उलगडण्याआधी चारही भोकं कुठे येतील ते तिला दुसऱ्या कागदावर काढू दे. संख्या मुलं बरोबर सांगतात, जागा चुकवतात. घडीपासून दोन्हीकडे अंतर सारखंच असतं, हे उलगडताना तिचं तिलाच दिसेल. आरशातल्या प्रतिमेसाठीही खरा आरसा घे.

सगळ्यात जास्त भीती उत्तरपत्रिकेची. उत्तरांचे गोल बॉलपेनने रंगवायचे, खाडाखोड चालत नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलं आणि गोल मात्र ओळीने रंगवले, की पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. सरावाचा प्रत्येक पेपर गोलांच्या कागदावरच घे, आणि रंगवण्याआधी प्रश्नाचा क्रमांक मोठ्याने म्हणायला लाव. परीक्षेत ती तो मनात म्हणेल. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही.

आणि शाळा निवासी आहे. घर सोडून राहायला ती तयार आहे का, हे तिलाच विचार, वहिनींसमोर.

प्रमाणपत्र भरून झालं की अपलोड करण्याआधी मला पाठव, तारखा ताडून बघतो.

तुझा,
विजय