पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वळवाच्या पावसात आमच्या इंदिरानगर भागातील वीज एकाच संध्याकाळी तीन-चार वेळा ये-जा करत राहिली आणि ज्या संगणकावर मी गेली आठ वर्षे लग्नपत्रिका व संस्थांचे अहवाल जुळवून देतो, तो त्या संध्याकाळपासून बंद पडला. बटण दाबले की पंखे फिरत, समोरचा दिवा लागे, मॉनिटर मात्र कोराच राही. शहरातील एका दुरुस्तीच्या दुकानात तो नेला. तेथील कारागिराने एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज संगणकाच्या भागांना योग्य व्होल्टमध्ये पुरवणारा डबा, सोडवला, त्याच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधील हिरवी आणि काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडली, पंखा फिरताना मला दाखवला आणि ‘एसएमपीएस ओके आहे, मदरबोर्ड गेला’, म्हणजे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी बिघडली, असे सांगितले. माझ्या जुन्या प्रोसेसरला चालणारा नवा मदरबोर्ड आता मिळत नसल्याने प्रोसेसर व रॅमसह १८ हजार रुपये खर्च सांगण्यात आला.

हे निदान चुकीचे होते. शिवाय ते ज्या चाचणीवरून झाले, ती अनेक दुकानांत अंतिम मानली जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएसला सुरू होण्याचा संकेत मिळतो, एवढेच. तो लहानसा पंखा फिरवायला मोजके वॅट पुरतात. प्रोसेसर, हार्डडिस्क आणि मदरबोर्ड यांचा भार पडल्यावर तोच एसएमपीएस योग्य विद्युतदाब (व्होल्ट) टिकवून धरतो की नाही, हे त्यातून मुळीच कळत नाही. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला असे बहुधा म्हणता येते, पण पंखा फिरला म्हणून तो चांगला आहे असे म्हणता येत नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत देखभाल विभागातून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी मल्टिमीटर घेऊन आले. त्यांनी सर्व जोडण्या जागच्या जागी ठेवून, संगणक चालू करून, कनेक्टरच्या मागच्या बाजूने एकेका वायरवर मीटरचे टोक टेकवले. संगणक बंद असतानाही ज्या जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट असावे लागतात, तिच्यावर ते होते. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत आणि त्यात पाच टक्क्यांची सूट धरली तरी ११.४ ते १२.६ या मर्यादेबाहेर आकडा जाऊ नये; मीटरने १०.७ दाखवले. खरी गोम करड्या वायरवर निघाली. सर्व दाब ठीक असल्याची ग्वाही एसएमपीएस मदरबोर्डला याच वायरवरून देतो आणि ती मिळेपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला काम सुरू करू देत नाही. तेथे ५ व्होल्टच्या जागी जवळजवळ शून्य होते. पंखे फिरूनही मॉनिटर कोरा का राहत होता, याचा उलगडा तेव्हा झाला. जाळीतून टॉर्च मारल्यावर आतील दोन कपॅसिटरांचे (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचे) माथे, जे सपाट असायला हवेत, टम्म फुगलेले आणि तपकिरी खपली धरलेले दिसले.

वाचकांनी एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः उघडू नये. २३० व्होल्टची वीज आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथे राहू शकते.

नवा एसएमपीएस घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझा जुना एसएमपीएस कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला होता आणि त्याच्या स्टिकरवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते. खालच्या बारीक रकान्यात १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपिअर लिहिलेले होते. गुणाकार केला तर ते १६८ वॅट भरतात. आजच्या संगणकाचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार याच लाइनवर असतो, तेव्हा दुकानात ‘किती वॅटचा’ यापेक्षा ‘१२ व्होल्टवर किती अँपिअर’ हे विचारावे. आम्ही २,८०० रुपयांचा एसएमपीएस आणला, जुन्या जोडण्यांचे मोबाइलवर फोटो काढले, चार स्क्रू काढून अख्खा डबा न उघडता बदलला आणि २४ पिनांचा, प्रोसेसरचा व डिस्कचा असे कनेक्टर बसवले. संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. सुट्या केबलींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्या केबली नव्याला लावू नयेत. डब्याकडील बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते आणि तेवढ्या चुकीने हार्डडिस्क जळू शकते.

नाशिकमधील संगणक दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे. मदरबोर्ड गेल्याचे सांगण्यापूर्वी ग्राहकासमोर दुसरा, खात्रीचा एसएमपीएस जोडून पाहावा. त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. तसेच भारासह मोजलेले पिवळ्या, तांबड्या, नारिंगी आणि करड्या वायरचे आकडे बिलावर लिहून द्यावेत. ग्राहकांनीही हे आकडे मागितल्याशिवाय मोठ्या खर्चाला होकार देऊ नये.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक