चक्करवर नुसत्या गोळ्या किती दिवस?

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या आईला मागच्या वर्षी इन्फेक्शनसाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली, इन्फेक्शन गेलं पण कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या पेशी पण गेल्या. अंधारात भिंत धरल्याशिवाय चालता येईना, रस्त्यावरून जाताना दुकानांच्या पाट्या हलताना दिसायच्या. सहा महिने नुसत्या चक्करच्या गोळ्या, आणि त्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं उलट लांबतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही.

मग एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम सुरू केले, अंगठ्यावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची (असे व्यायाम १९४० च्या दशकापासून आहेत), आणि नंतर व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चष्म्यासारखा लावायचा, आपण खरंच त्या जागी आहोत असं भासवणारा पडदा. त्यात गर्दीचा बाजार, सरकता जिना, सगळं हलतं पण पाय फरशीवरच, आणि ताई मागे कमरेचा पट्टा धरून उभ्या. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मळमळलं, घामाघूम झाली. पण रोज थोडं थोडं करत मेंदू डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर तोल धरायला शिकतो. कान बरा होत नाही हो, हे स्पष्ट सांगते. परवा ती एकटी मंडईतून मेथीची जुडी घेऊन आली!

सरकारी हॉस्पिटलांमध्ये पण हे सुरू करा, आणि ही इंजेक्शनं चालू असताना पेशंटला रोज विचारा, चालताना तोल जातोय का?

एक वाचक, सातारा